बावीस दारांवरचा कडुनिंब

बाटलीबंद लस अजून कुणी पाहिली नव्हती, त्या काळी एक वृद्ध वैद्य आपल्या तरुण शिष्याला घेऊन गावोगाव देवी टोचत हिंडत असे. तेव्हा लस मुलाच्या दंडातून मुलाच्या दंडात जाई. टोचलेल्या जागी आठव्या दिवशी टपोरा फोड येई आणि त्यातलं थेंबभर पाणी पुढच्या मुलाला टोचलं जाई. तो थेंब मिळाला नाही की साखळी तुटली. मग शहरातून नवी लस येईपर्यंत दोन महिने थांबायचं.

वैद्यांची एक रीत शिष्याला मुळीच कळत नसे. नव्या गावी पोचल्यावर ते पिशवी उघडतच नसत. प्रत्येक घरच्या म्हाताऱ्या बाईसमोर ओट्यावर बसत आणि विचारत, "आजी, घरात देवी आल्या की तुम्ही काय काय पाळता?" आजी सांगू लागे. वैद्य मान डोलावत ऐकत. यात दोन-दोन दिवस जात.

"वैद्यबुवा, असल्या समजुती ऐकत बसायला आपल्याकडे वेळ आहे का?" शिष्याने एकदा चिडून विचारलं.

"नाही," वैद्य म्हणाले, आणि पुढच्या ओट्यावर जाऊन बसले.

एका वर्षी साथ नदीच्या खोऱ्यात शिरली. दोघे नदीकाठच्या एका गावी उतरले, आणि त्याच दिवशी वैद्य तापाने आडवे झाले. पलीकडच्या गावातली येसूबाई नावाची कोष्टीण नावेतून आली. "आमच्या शेजारच्या वाडीत देवी आल्यात. माझी तीन लेकरं आहेत, दादा. कधी येता?"

"उद्या इथली मुलं टोचतो, आठव्या दिवशी त्यांच्या फोडांतून थेंब मिळेल. नवव्या दिवशी," शिष्य म्हणाला. "मी स्वतः येतो."

दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने काम सुरू केलं. ओट्यावर तो बसला नाही. "मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस्स," असं दारोदार सांगत त्याने संध्याकाळपर्यंत बावीस घरांतली बावीस मुलं टोचली. एक म्हातारी हसून म्हणालीसुद्धा, "तुझी मुंगी भारी शिकलेली रे, पिशवीतून हिंडते!"

पाचव्या दिवशी मुलांची अंगं तापली, दंडावर फोड दिसू लागले. देवी घरात आल्याची ही खूण घराघरांतल्या बायकांनी ओळखली. फोडणी बंद झाली. बावीस दारांवर कडुनिंबाचे डहाळे लागले.

आठव्या दिवशी शिष्य पहिल्या दाराशी गेला. तीच म्हातारी उंबऱ्यावर वाट अडवून उभी राहिली.

"देवी घरात असताना उंबऱ्याबाहेर काही जात नाही. विस्तव नाही, मीठ नाही, घोटभर ताकसुद्धा नाही. आणि तू लेकराच्या अंगातलं पाणी मागतोस?"

"अहो आजी, पलीकडे मुलं मरतील!"

"मग हे आधी का नाही बोललास?" म्हातारी म्हणाली. "आधी सांगितलं असतंस तर आम्ही बायकांनी बसून काही वाट काढली असती. देवीला तसं बोलून ठेवलं असतं, पहिला थेंब मीच दिला असता. आता ती घरात बसलीये. माझ्या नातवाचं काही झालं तर तू निस्तरायला येणार आहेस का?"

बाकीच्या एकवीस दारांतही हेच उत्तर मिळालं.

नवव्या दिवशी सकाळी वैद्य प्रथमच भिंतीला टेकून बसले. शिष्याने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "अडाणी आहेत हो सगळे!"

वैद्यांनी लस ठेवायची डबी त्याच्या हातात दिली. "नाव लागली असेल. जा."

"रिकामी डबी घेऊन?"

"तू दिवस सांगितला आहेस. ती बाई घाटावर उभी असेल. माझ्या तरुणपणी मीही अशीच घाई केली होती. पलीकडे जाऊन तोंड दाखवायचं धैर्य झालं नाही, म्हणून निरोप धाडला. त्या गावाने पुन्हा कधी दंड पुढे केला नाही. अरे, सुई आपली असते, पण थेंब त्यांचा असतो. तो कुठल्या दाराशी अडेल हे आपल्या विद्येला ठाऊक नसतं, त्या आज्यांना ठाऊक असतं. मी तेवढंच विचारत बसायचो."

येसूबाई खरोखरच घाटावर होती. तिन्ही मुलांच्या बाह्या तिने आधीच वर दुमडल्या होत्या. "आलात? दंड धुऊन ठेवलेत बघा."

शिष्याने डबी उघडून दाखवली आणि चूक कुणाची तेही सांगितलं. येसूबाईने एकेका मुलाची बाही खाली ओढली.

शिष्य वाळूत बसला. "बाई, घरात देवी आल्या की तुम्ही काय काय पाळता?"

"आता विचारता?" ती म्हणाली. पण जरा वेळाने तीही बसली आणि सांगू लागली. ऊन उतरेपर्यंत तो ऐकत राहिला.

दोन महिन्यांनी लस आली तेव्हा येसूबाईच्या घरात टोचायला एकच दंड उरला होता.

लोकांच्या भल्यासाठी धावत निघालेल्या आपल्यासारख्यांना ओट्यावर बसण्यात गेलेला वेळ वाया गेलासा वाटतो. तो वाचवला तर त्याची किंमत कुणाला मोजावी लागते, हे त्या शिष्याने पुढे प्रत्येक गावी पिशवी उघडण्याआधी आठवलं.