बुडबुड्याचा मणी

एका जंगलात, नदीकाठच्या कपारीत, एक सायाळ राहत असे. अंगभर काटे, पण हात इतके हलके की काय सांगू मुलांनो! बाजाराच्या माळावर पडलेल्या फुटक्या बांगड्या ती वेचून आणी, निखाऱ्यावर वितळवी आणि माती माखलेल्या तारेवर तो काचेचा रस गोल गोल फिरवी. तांबड्यात पांढरी रेघ सोडी, चकाकी जावी म्हणून राखेत घोळवी. मणी निवला की आपल्याच काट्याने भोकातली माती कोरून काढी. हुबेहूब अकीकाचा खडा! एखाद्या मण्यात बुडबुडा राहिलाच, तर तो कपारीमागे फेकून देई. दगडात कुठला आलाय बुडबुडा? आणि ती तर सगळ्यांना सांगे, "दगड आहे हो, नदीच्या पोटातला." काच म्हटलं तर कोण विचारणार, असं तिला वाटे.

एके दिवशी पाणमांजर आलं. म्हणालं, "सायाळमावशी, लेकीच्या गळ्यात बांधायला असा खडा हवाय. पण आमची जात पाण्यातली. नदीतला दगड तुझ्याकडून मागून नेला तर सोयरे हसतील मला. जागा तेवढी सांग, मीच काढतो." सायाळीचे काटे ताठ झाले. कुणी जाणारच नाही अशी जागा सांगावी, असं तिने मनात योजलं. "काळ्या डोहात मिळतात," ती म्हणाली. "पण तिथे मगर आहे रे बाबा. नाद सोड." पाणमांजर हसलं. "लेकीसाठी मगरीला भिऊन चालतंय होय!" आणि सुळकन निघूनही गेलं.

दुपार कलली तसा कावळा कपारीवर येऊन बसला. "काय गं बाई, कसले दगड सांगितलेस त्या वेड्याला? डोहात बुड्या मारून मारून डोळे लाल झालेत त्याचे. वर येतं, रिकामे पंजे बघतं, की परत खाली. मगर मघाशी वाळूवर निजली होती. आता दिसत नाही." सायाळीने हातातली तार बाजूला टाकली. जावं, तर चारचौघांत तोंड उघडावं लागणार. न जावं, तर... तिला आपल्याच मण्यांकडे बघवेना. ती तशीच धावत सुटली.

काठावर ससे, हरणं, माकडं जमली होती. ज्याच्या त्याच्या गळ्यात तिचाच मणी! सायाळ झुडपाआडच थबकली. तेवढ्यात पाणमांजर दम घ्यायला वर आलं, आणि त्याच्या मागे पाण्यात एक लांबलचक रेघ सरकताना तिला दिसली. "बाहेर ये रे!" ती किंचाळली. "खाली काही नाही! ते दगड नाहीतच! काच आहे, फुटक्या बांगड्यांची, मी केलेली!" पाणमांजर काठाकडे झेपावलं आणि मागे जबडा खाडकन मिटला. जीव वाचला, पण शेपटीचं टोक गेलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं सायाळीला झालं. एक हरिणी गळ्यातला मणी नुसती चाचपत राहिली. पाणमांजर धापा टाकत म्हणालं, "काच? मावशी, हे तू केलंस? तुझ्या हातांनी?"

"हो."

"मग तसं सांगायचं ना गं! काच काही नदीत सापडत नाही. ती तुझ्याकडे मागायला मला कसली लाज?"

सायाळीची मान वर झाली नाही. ती त्याला कपारीत घेऊन गेली, पाला लावून शेपटी बांधली आणि सगळ्यांत देखणा मणी पुढे केला. पाणमांजराने तो परत दिला. कपारीमागच्या ढिगातून त्याने एक मणी उचलून उजेडात धरला. "हा दे, बुडबुड्याचा. पाण्याखाली अंधारून आलं की असाच एक बुडबुडा वर जाताना दिसतो. त्याच्या मागोमाग मी घरी पोचतो."

त्या दिवसापासून सायाळीने मणी राखेत घोळवला नाही. पण नदीवर ती आखूड शेपटी दिसली, की तिची नजर आपोआप खाली जाई.

तात्पर्य : आपल्या हातच्या कामाची लाज धरून त्याला खोटं नाव देऊ नये, त्या खोट्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.