पोथीसमोरची रिकामी जागा

फार जुन्या काळी, खिंडींना राजांपेक्षा जास्त मान होता तेव्हा, एका आईची झोप उडाली होती. कारण साधं होतं. ओढ्यापलीकडचा गढकरी आपली भिंत उंच करत होता.

मुलांनो, आणि मुलांच्या निमित्ताने ऐकायला बसलेल्या मोठ्यांनो, आधी ही आई कोण ते ऐका. खिंडीच्या अलीकडे एक गढी होती, पलीकडे दुसरी. मधे खोल ओढा आणि त्यावर लाकडी साकव. अलीकडच्या गढीचा गढकरी तापाने गेला. मागे राहिली त्याची तरुण बायको आणि चिमा नावाची लहान मुलगी. चिमा मोठी होईपर्यंत गढी आईने सांभाळायची असं ठरलं. लोक तिला गढकरीण म्हणू लागले. कुणी तशी हाक मारली की ती मागे वळून बघायची, आपल्या पाठीशी कोण उभी आहे म्हणून.

तिचे वडील पाठशाळेत शिकवत, त्यामुळे तिला वाचता उत्तम येत होतं. लढाई मात्र तिने कधी पाहिली नव्हती. नवऱ्याच्या पेटीत युद्धनीतीच्या पोथ्या होत्या. काही आपल्याकडच्या, काही पूर्वेकडच्या देशांतून व्यापाऱ्यांबरोबर डोंगर ओलांडून आलेल्या. शिकलेल्या माणसाला भीती वाटली की तो पुस्तक उघडतो. तिनेही उघडलं.

पहिल्याच पानावर होतं, 'गढ राखणाऱ्याने निर्णयाला उशीर लावू नये.' दुपारी भाजी कोणती करायची हे ठरवायला तिला अर्धी सकाळ लागायची. तिने पान उलटलं.

पुढे होतं, 'शत्रू गप्प असेल तर तो तयारीला लागला असं धरावं. हसून बोलला तर तयारी पूर्ण झाली असं धरावं.' हे मात्र तिला एकदम पटलं. घरात ती दुसरं काय करत होती? चिमाचा आवाज येईनासा झाला की काहीतरी सांडलंय, हे तिला जागेवरून न उठता कळायचं.

मग ती पोथीबरहुकूम वागू लागली. दिवस कलला की साकवाच्या फळ्या काढून घ्यायच्या, असा हुकूम सुटला. पलीकडच्याने भिंतीवर तिरंदाज उभे केले. हिने कासाराच्या वेषात हेर पाठवला. तो बांगड्या विकून परत आला आणि म्हणाला, "त्यांनी धान्य आत घेतलंय." हिनेही धान्य आत घेतलं. पोथीतला प्रत्येक अंदाज खरा ठरत होता, आणि रोज सकाळी संकट कालच्यापेक्षा जवळ आलेलं असायचं.

शेवटी ते पान आलं. 'वार टळत नसेल तर पहिला आपला असावा.'

तिने धारोजींना बोलावलं. ते नवऱ्याच्या वेळचे हवालदार.

"काका, उद्या पहाटे त्यांच्या गवताच्या गंज्या पेटवायच्या. धुरात गोंधळ उडाला की दरवाजा घ्यायचा."

"माणसं मरतील, वहिनीसाहेब. त्यांची आणि आपलीही."

"आणि ते आधी आले तर? माझी चिमा आहे हो इथे!"

धारोजींनी मान हलवली. "खरं आहे. मीही तेच म्हणणार होतो." त्यांनी कमरेचा पट्टा आवळला.

चिमा तिथेच बसून पोथीच्या दोरीला गाठी मारत होती. ती म्हणाली, "आई, बाबा ही पोथी वाचायचे तेव्हा काका समोर बसायचे. तुझ्यासमोर कुणीच का नसतं?"

धारोजींनी जीभ चावली. "राहूनच गेलं की ते!"

त्या खिंडीत रिवाज होता. युद्धाची पोथी एकट्याने वाचायची नाही. एकाने वाचायचं, दुसऱ्याने 'पलीकडचा' होऊन समोर बसायचं. वाचणाऱ्याने डाव टाकायचा आणि पलीकडच्याने त्याला पलीकडून उत्तर द्यायचं. गढकरीण माहेरून काव्य आणि व्याकरण शिकून आली होती. हा रिवाज तिला कुणी सांगितला नव्हता.

"मग आता बसा ना, काका."

"आता नाही जमायचं. मी तुमच्याइतकाच भ्यालोय. माझ्या तोंडून आपलीच बाजू बाहेर पडेल."

"मी होते पलीकडचा!" चिमा समोरच्या पाटावर मांडी ठोकून बसली आणि तिने नसलेली मिशी पिळली. "हं, बोल गं गढकरणी."

पोरीचं मन मोडू नये म्हणून आई म्हणाली, "मी साकवाच्या फळ्या काढल्या."

"का? मी काय केलं?"

"तू भिंत उंच केलीस."

"मग? मला भीती वाटते."

"कुणाची?"

"तुझी."

गढकरणीला हसूच आलं. "माझी? अरे, मला धड तलवार उचलत नाही."

"ते मला काय माहीत?" चिमाने आवाज आणखी जाड केला. "तो आधीचा गढकरी भांडायचा, पण ओळखीचा होता. तू कोण? तू कधी साकवावर येतसुद्धा नाहीस. आमचा हेर सांगतो, ती बाई दिवसभर लढाईच्या पोथ्या वाचते."

गढकरणीने पोथी मिटली. मग ती उठली आणि तिने चिमाला धारोजींच्या हवाली केलं. तेवढं शहाणपण तिला पोथीशिवायही होतं. काखेत पोथी घेऊन ती एकटीच साकवावर गेली. पलीकडच्या भिंतीवर तिरंदाजांनी धनुष्याच्या दोऱ्या ताणल्या.

"अहो, मी अलीकडची नवी गढकरीण!" ती ओरडली. "पोथी वाचायची आहे, समोर बसायला माणूस नाही. येता का?"

बऱ्याच वेळाने दरवाजा करकरला. पलीकडचा गढकरी, एक जाडजूड गृहस्थ, धापा टाकत आला. त्याच्याही काखेत पोथी होती, आणि ती तीच होती.

"भीतीबिती काही नव्हती हो," तो बसता बसताच म्हणाला. "माणूस नवीन असलं की आपली जरा काळजी." मग त्याने तिच्या पोथीकडे पाहिलं. "कुठपर्यंत आलात?"

"पहिला वार आपला असावा, इथपर्यंत."

"मीही तिथंच आहे." तो घुटमळला. "तुमचा कधी होता?"

"उद्या पहाटे. तुमचा?"

"उद्या पहाटेच."

दोघांनीही पोथी पुन्हा पहिल्या पानावर उघडली.

त्या पहाटे गंज्या पेटल्या नाहीत. पलीकडच्याने भिंत काही उतरवली नाही, आणि गढकरीणही अधूनमधून फळ्या काढायचीच. पण दर हिवाळ्यात दोघं साकवावर समोरासमोर बसत, पोथी वाचत आणि असे कडाकडा भांडत की दोन्ही काठांवरची गुरं माना वर करून बघत. ते होते तोवर खिंडीत कुणाचं रक्त सांडलं नाही.

त्या दिवशी घरी परतल्यावर गढकरणीने चिमाला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "लक्षात ठेव हं बाळ. शत्रूचं मन एकट्याने वाचू नये. एकट्याने वाचलं की त्यात आपलीच भीती लिहिलेली दिसते."

चिमाने विचार केला आणि ती म्हणाली, "पण मला नाही परत पलीकडचा व्हायचं. मग नीट भांडताच येत नाही."