विश्वंभरचा गृहत्याग

"पण बुवा, माझी गोष्ट ऐकता ऐकता लोक उठून का जातात?"

विश्वंभरला आत्मारामबुवांच्या मठात येऊन वर्ष होत आलं होतं. आपण घरदार कसं सोडलं, हे तो मठात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. आताही ऐकणारे दोघे पाहुणे चपला शोधत होते.

बुवा दुधी भोपळ्याच्या वेलाला काठी बांधत होते. म्हणाले, "मला सांग बघू."

विश्वंभरने डोळे मिटले.

"पहाट होती. मी उंबरठ्यावर उभा. पत्नी माझ्या पायांशी कोसळली. डोळ्यांतून धारा वाहत होत्या. पण मी विरघळलो नाही. मागे वळूनही न पाहता निघालो..."

"बरं. आता हेच तिच्या तोंडून सांग."

"कुणाच्या?"

"कोसळली तिच्या."

विश्वंभर हसला. त्यात काय अवघड होतं? त्याने उपरणं पदरासारखं डोक्यावरून घेतलं.

"पहाटे पहाटे हे उंबरठ्यावर उभे. म्हणाले, मी संसार सोडतोय. मी म्हटलं, चहा तरी घेऊन जा. चहा घेतला. मग म्हणाले, पोहे असतील तर..."

तो अडखळला.

"थांबू नकोस," बुवा म्हणाले.

पाहुणे परत येऊन बसले.

"मी कांदा चिरायला घेतला. कांदा भलताच तिखट. डोळ्यांतून नुसत्या धारा... पोहे खाऊन हे निघाले. कोपऱ्यावरून परत आले. नव्या चपला चावतात, म्हणाले, जुन्या दे. त्या पलंगाखाली. मी गुडघ्यांवर बसून काढल्या आणि ह्यांच्या पायांशी ठेवल्या."

पाहुणे पोट धरून हसत होते. विश्वंभरलाही हसू आवरेना.

"मग हे गेले. मी उरलेले पोहे झाकून ठेवले. म्हटलं, दुपारपर्यंत येतील..."

त्याचं हसू थांबलं.



विश्वंभर तसाच बसून होता. डोक्यावरचं उपरणं काढायचंही त्याला सुचलं नाही.

"बुवा," तो शेवटी म्हणाला, "पुढचं मला ठाऊक नाही."

बुवांनी काठीची गाठ आवळली. उन्हाकडे एकदा पाहिलं.

"अकराची एसटी अजून गेली नसेल."