पगडी, लिंबू आणि पागेतली हवा

कुंभळगडच्या हैबतराव महाराजांची जांभळी पगडी भर दरबारात तांबडी पडायला लागली! कपाळावरच्या पट्ट्यावर, पानाची पिंक उडावी तसे ठिपके. पण दरबारात ते कुणालाच दिसले नाहीत. दरबारी डोळे फार शहाणे असतात. शेवटी महाराजांनीच आरशात पाहिलं आणि पगडी रंगवणाऱ्या बुधा रंगाऱ्याच्या हातात बेडी पडली.

राजज्योतिषी भास्करभटांनी लगेच निदान केलं, की रंगारी लबाड आणि रंग कच्चा. त्याच सकाळी याच भास्करभटांनी महाराजांची दृष्ट काढताना लिंबू ओवाळून पगडीवरच पिळलं होतं. पण एवढ्या विद्वान माणसाला असल्या बारीकसारीक गोष्टी कशा आठवणार?

बुधाची मुलगी सगुणी धावत आली, बापाला सोडा म्हणून पाया पडली. महाराजांनी अट घातली. सूर्य मावळायच्या आत पगडी पुन्हा जांभळी करायची. मात्र रंगात बुडवायची नाही, धुवायची नाही, हात लावायचा नाही. शिवाय राजाची पगडी उतरणं म्हणजे अपशकुन, तेव्हा ती डोक्यावरच राहणार. जमलं तर बाप सुटेल, नाहीतर अंधारकोठडीत सडेल. सरदारांनी वाहवा केली. त्याचीच तर त्यांना जहागीर होती.

सगुणीने पगडीकडे नीट पाहिलं. एका पेचात लिंबाची बी अडकली होती. तिचा जीव भांड्यात पडला.

"पगडी डोक्यावरून उतरायची नसेल, तर डोक्यालाच पगडीबरोबर यावं लागेल, सरकार."

"कुठे?"

"आपल्याच पागेत."

घोड्यांची पागा सकाळपासून झाडलेली नव्हती. सगुणीने दारं-झरोके लावून घेतले आणि महाराजांना मधोमध चौरंगावर बसवलं. महाराजांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. राजा तिथे दरबार, म्हणून सरदारही नाकाला उपरणं लावून उभे राहिले. एकजण तर म्हणाला, केवड्यासारखा वास येतोय. भास्करभटांना बोलायला फुरसत नव्हती, ते शिंकत होते.

हळूहळू ठिपके विरले. उन्हं कलायच्या आत पगडी जांभळासारखी जांभळी झाली.

बाहेर येऊन महाराजांनी पोटभर श्वास घेतला आणि ही काय जादू म्हणून विचारलं. सगुणीने सांगितलं, की हा रंग दगडफुलाचा, मसाल्यात घालतात त्याचाच. नुसतं उकळलं तर मातकट. गुरा-घोड्यांच्या शिळ्या मुतात महिनोन् महिने मुरवलं, की आतला जांभळा बाहेर येतो. लिंबू लागलं की तो तांबडा होऊन रुसतो. मुताची नुसती वाफ लागली तरी माघारी येतो. आणि तिने पेचातल्या त्या बीकडे बोट केलं.

"म्हणजे इतके दिवस मी डोक्यावर..." महाराजांचा हात पगडीकडे गेला.

"मिरवत होता, सरकार. आणि ही सगळी मंडळी रोज वाकून म्हणत होती, काय सुगंध!"

महाराजांनी सरदारांकडे पाहिलं. केवडेवाला स्वतःचे जोडे निरखत होता. महाराजांना हसू फुटलं ते आवरेना, पगडी गदगदा हलायला लागली. हसावं की नाही हे न कळून दरबारही हसला. बुधाची बेडी तिथेच तोडली.

आणखी काय हवं ते माग, असं महाराज म्हणाले. सगुणीने रोज पागेतल्या मुताची एक भरलेली घागर दारात पोचती मागितली, रंगासाठी.

"दिली," महाराज डोळे पुसत म्हणाले. "भास्करभट, उद्यापासून तुम्हीच पोचवा. आणि जाताना लिंबू तेवढं घरी ठेवा!"