नहरीची हळद

तुमच्या पणजोबांना दात यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. खापरगावात भिकोबा लोणारी नावाचा एक चुना भाजणारा होता. त्याच्या मिशा एवढ्या लांब, की एका टोकाला चिमणी बसली तर दुसऱ्या टोकाला दुपारपर्यंत पत्ता लागत नसे, असं म्हणतात. म्हणणारे सगळे बिनमिशीचे, ते सोडा.

गावाला पाणी यायचं डोंगरातल्या झऱ्यावरून, जमिनीखालच्या जुन्या नहरीतनं. पण त्या साली झरा भरलेला आणि गावचा हौद कोरडा! बायका बिऱ्हाड हलवायच्या गोष्टी करायला लागल्या.

"नहर म्हातारी झाली, झिरपते," गुणाजी पाटील म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. जरा जास्तच डोलावल्या.

भिकोबानं मिशीला पीळ दिला. "जत्रेआधी हौद भरला नाही, तर ही मिशी भर चावडीवर उतरवीन!"

न्हाव्यानं तिथंच वस्तऱ्याला धार लावायला घेतली.

नहर गळते कुठं ते बघायला भिकोबानं झऱ्याच्या तोंडाशी गाडीभर हळद ओतली. पिवळं पाणी फुटेल तिथं भोक.

मग काय विचारता! पाटलाची केळ बुडापासून पिवळी. पुजाऱ्याचा झेंडू मुळातच पिवळा, म्हणून तो गालात हसत होता, तर त्याची म्हैस पिवळी निघाली. ज्यानं त्यानं नहरीला गुपचूप भोक पाडून पाणी परसात वळवलेलं! भिकोबा खुशीत पिवळ्या ओघळामागं निघाला, तो थेट स्वतःच्या परसात पोचला. अळूत त्याची बायको तान्हाई उभी, घोट्यापर्यंत पिवळी.

"बघताय काय? रोज अळूचं फदफदं चापताना पाणी कुठनं येतं, इचारलंत कधी?"

भिकोबाच्या मिशीची दोन्ही टोकं खाली आली.

गाव गोळा झालं. "आधी पाटलानं बुजवावं!" "का? आधी भिकोबानं!" कुणी हलेना. जत्रा उद्यावर आलेली. न्हावी मात्र हळूहळू जवळ सरकत होता.

तान्हाईच्या पिवळ्या पायांकडे बघता बघता भिकोबा ओरडला, "अरे, हळद लागली! आता लग्न लावल्याशिवाय सुटका नाही!"

सगळे गार. हळद लागून लग्न मोडणं म्हणजे केवढा अपशकुन!

"कुणाचं लग्न?" पाटलानं भीत भीत विचारलं. त्याच्या दोन्ही बायका त्याच्याकडेच बघत होत्या.

"नहरीचं, हौदाशी! हळद तिची, आपण माहेरचे. लेकीला फाटक्या लुगड्यानं सासरी धाडता होय रे?"

झालं! बाप्ये चर खणायला धावले, बायका चुना, ताग आणि तेल कालवायला बसल्या. पहिलं भोक भिकोबानं आपल्याच परसातलं बुजवलं, मान खाली घालून. दिवस कलताना हौदापुढं अंतरपाट धरला. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, आणि पाणी असं धडाडत आलं, की न्हावी वस्तऱ्यासकट तीन गावं पुढं वाहत गेला, असं म्हणतात. भिकोबाची मिशी वाचली, पण त्या हळदीच्या पाण्यानं पिवळी झाली ती मरेपर्यंत पिवळीच राहिली.

अजूनही जत्रेआधी खापरगाव नहरीत हळद सोडतं. तिला भिकोबाची हळद म्हणतात. ज्याचं परस पिवळं निघेल तो नवरीचा मामा. त्यानं चरात उतरून भोक बुजवायचं आणि सगळ्या वऱ्हाडाला अळूचं फदफदं वाढायचं.

मामाचा मान पिढ्यान्‌पिढ्या पाटलांच्याच घरात आहे.