येसूमाळणीचा हात

एक होता राजा, आणि त्याच्या परसात होती एक बोर. राजाच्या आईनं लावलेली. आई गेली, तसा राजानं हुकूम काढला, या बोरीची फांदी जो कापेल त्याचा हात कापीन. आईवेडा होता, बरं का. चिंगे, लाथा मारू नकोस, पाय आवर.

त्या घराची रीत होती. बाळाची पहिली संक्रांत आली, की याच झाडाची बोरं त्याच्या डोक्यावरून ओतायची. बोरन्हाण म्हणतात त्याला. तुमचंही केलंय मी. ते केलं की बाळाला दुखणं शिवत नाही, असं त्या घरात मानायचे.

पण झालं काय, झाड माजलं. फांदीत फांदी, काट्यात काटा. आत ऊन शिरेना. पानं ढीगभर, फळ एक नाही. आणि नेमका फाल्गुनात राणीला मुलगा झाला. राजाचा जीव खालीवर. मग त्यानं झाडाला दूध घातलं. काही नाही. मग आईचं जरीचं लुगडं नेसवलं. काही नाही. मग सनईचौघडा लावला. त्यानं झाडावरचे पक्षी तेवढे उडून गेले.

बागेत येसू नावाची माळीण होती. ती म्हणाली, "महाराज, बोर नव्या फुटीवर धरते. आता चैत्र आहे, झाड निजलंय. आत्ताच छाटायला हवं."

"हात नकोसा झालाय वाटतं," राजा म्हणाला.

येसू आपल्या कामाला लागली. पण त्या बाळाला तिनं मांडीवर घेतलं होतं ना. मग राजा शिकारीला गेला, आणि तिनं कोयता उचलला.

राजा परत येऊन बघतो तर परसात लख्ख ऊन. मधोमध नुसतं खोड आणि चार थोट्या फांद्या. कापल्या जागी शेण लिंपलेलं. राजानं तलवारच उपसली. येसूनं मुकाट्यानं हात पुढे केला.

तेवढ्यात खोडातून आवाज आला, "धोंडू, ठेव ती तलवार."

अगंबाई. राजाला धोंडू फक्त त्याची आई म्हणायची. राणीलासुद्धा ते नाव ठाऊक नव्हतं.

"लुगडं नेसवलंस, दूध पाजलंस. माझं ओझं कुणी उतरवलं? हिनं. आता संक्रांतीपर्यंत थांब."

राजानं तलवार म्यान केली आणि थांबला. मग आषाढात फूट आली, भाद्रपदात फुलोरा आला, मार्गशीर्षात बोरंच बोरं. पण सगळी हिरवी, दगडासारखी टणक. संक्रांत उजाडली तरी हिरवीच. येसू सकाळपासून आपला उजवा हात कुरवाळत बसली होती. भीती वाटणार नाही तर काय?

राणीनं बाळाला काळं झबलं घातलं, हलव्याचे दागिने घातले आणि झाडाखाली पाटावर बसवलं. बाळानं वर बघितलं आणि खुदकन हसलं. तशी झाडावरची सगळी बोरं एकदम लाल झाली. कुणी काठी मारली नाही, फांदी हलवली नाही. बोरं आपणहून टपटप बाळाच्या डोक्यावरून ओघळली. काटा एकही लागला नाही.

सगळे तोंडात बोट घालून उभे. मग राजा येसूपाशी गेला. तिचा तोच हात त्यानं धरला आणि आपल्या बाळाच्या डोक्यावर ठेवला. म्हणाला, "चैत्रात मला हाक मार. फांद्या ओढायला मी येतो."

आणि खरंच यायचा हो, दर वर्षी. हाताला काटे टोचवून घ्यायचा. बाळ वाढलं, येसू म्हातारी झाली, सगळी सुखात राहिली. झालं, संपलं. चिंगे, तुझे डोळे अजून टक्क उघडे? मिट बघू. मी थोपटते.