तात्यांची सही

खडकोळ नावाचं गाव होतं. तिथं केरबा नावाचा एक भोळा मुलगा राहायचा. बारावीला होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, आणि गावाची तक्रार हीच होती.

बातमी आली तो दिवस मंगळवार, बाजाराचा. केरबाचे वडील तात्या नेहमीसारखे दारात बसून पातेल्यांना कल्हई करत होते. चित्रकलेचे मुळीक सर पेपर घेऊन आले. शहराच्या विद्यापीठात बारावीनंतर सिनेमा शिकवणार होते. जागा बारा. आपल्या जवळच्या माणसावर पाच मिनिटांची फिल्म करून पाठवायची.

केरबाला दुसरं काही यायचं नाही, पण बघत बसायला छान यायचं. सर म्हणाले, "हा जाईल तात्या. याच्यात आहे ते."

तात्यांनी भात्यावरचा हात काढला. "माझी सही लागंल?"

"लागेल की. निवड झाल्यावर."

तात्यांना सही येत नव्हती. अशा कागदांवर केरबाची आई सही करायची, आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवसापासून तात्या भट्टीतल्या कोळशानं भिंतीवर सही गिरवायला लागले.

सरांनी स्वतःचा मोबाईल केरबाला दिला. "आधी हात बसू दे. गावात दिसेल ते काढ."

केरबाला शेजारच्या सखुकाकू नवऱ्याशी भांडताना दिसल्या. त्यानं त्या काढल्या. काकूंनी लाटणं फेकून मारलं.

"असं नसतं, केरबा," सर म्हणाले. "ज्याला चित्रात घ्यायचं, त्याची आधी लेखी परवानगी घ्यावी."

"बरं," केरबा म्हणाला. आणि लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती चव्हाणांची म्हैस दिसली. केरबानं ग्रामपंचायतीतून स्टँपपॅड आणलं आणि वहीच्या पानावर म्हशीचा खूर उठवून घेतला. तिसरा खूर नीट उठला. तोवर म्हैस आणि चव्हाण दोघंही बिथरले होते.

"जनावराला विचारत नसतात, केरबा. चारा टाकावा. म्हणजे ते जागेवर उभं राहतं."

"बरं."

शनिवारी शाळेत सरपंचांचं भाषण होतं. सरपंच बोलताना फार हलायचे. केरबानं पुढं जाऊन त्यांच्या पायाशी कडब्याची पेंढी टाकली. सरपंच खरोखरच जागेवर उभे राहिले. बोलायचेही थांबले.

"मोठ्या माणसाला चारा टाकतात का रे? मानाच्या माणसाला हार घालावा, पाया पडावं, मग कॅमेरा धरावा."

"बरं."

आता हात बसला होता. केरबा जवळच्या माणसाकडं वळला. त्याच्या जवळ तात्याच होते, आणि त्यांच्याएवढा मानाचा माणूस त्याला दुसरा माहीत नव्हता. फुलांचा हार बाजाराशिवाय मिळायचा नाही. घरात हार एकच होता, आईच्या फोटोवरचा चंदनी. तो त्यानं उतरवून तात्यांना घातला आणि पाया पडला. तात्या हलले नाहीत. पाच मिनिटं भिंतीला टेकून समोर बघत राहिले.

फिल्म त्यानं सखुकाकूंना दाखवली. काकूंनी मोबाईलमध्ये हार घातलेले तात्या पाहिले आणि हंबरडा फोडला. तासाभरात निम्मी आळी पिठलं-भाकरी घेऊन दारात आली. दार तात्यांनीच उघडलं.

"कोण गेलं?" तात्यांनी विचारलं.

कुणी सांगेना. मग तेही मान खाली घालून सगळ्यांत बसले. थोड्या वेळानं पिठलं-भाकरी खाल्ली. रात्री हार परत फोटोवर घातला.

सर डोकं धरून म्हणाले, "केरबा, बाप काम करत असताना काढ. आणि त्यांना काही कळू देऊ नकोस."

"कशातलं?"

"कशातलंच."

"बरं."

केरबा भात्याच्या मागं लपून बसला. पातेलं तापलं, नवसागराचा पांढरा धूर झाला, तात्यांनी कापसाचा बोळा फिरवला आणि काळ्या पातेल्यात चांदी पसरली. तात्यांनी त्यात स्वतःला पाहिलं आणि केस नीट केले. पाच मिनिटं झाली. फिल्म विद्यापीठाला गेली.

महिन्यानं पत्र आलं. निवड झाली होती. सोबतच्या फॉर्मवर वडिलांची सही घेऊन पंधरा तारखेपर्यंत पाठवा, सही नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल, असं लिहिलं होतं. मुळीक सर नेमके प्रशिक्षणाला तालुक्याला गेले होते.

"काय आलंय रे टपालात?" तात्यांनी विचारलं.

"काही नाही."

सही वडिलांची हवी, आणि वडिलांना कळू द्यायचं नाही. केरबानं रात्रभर विचार केला. एका माणसाची सही मिळत नसेल, तर बाकीच्या सगळ्यांची घ्यावी.

सकाळी सरपंचांनी सही करून शिक्काही मारला. सखुकाकूंनी कागदाच्या दोन्ही बाजूंना सही केली.

"तात्यांनी केली का?" काकूंनी विचारलं.

"त्यांना काही कळू द्यायचं नाही."

"अगं बाई. बरोबर आहे मग. त्यांना गुपचूप शहराला न्यायचं आणि एकदम तुझं कॉलेजच दाखवायचं."

सगळ्या गावानं सह्या केल्या. आता म्हशीनंही पहिल्याच खेपेला खूर नीट उठवला. चौदा तारखेला केरबानं फॉर्म रजिस्टर पोस्टानं पाठवला आणि घरी आला.

दारातली भिंत खालपासून हात पोचेल तिथवर काळी झाली होती. सही आता एका ओळीत, सरळ येत होती.

"माझी सही लागली का रे?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

"लागली तर सांग. आता येतीय."

"बरं," केरबा म्हणाला.

फॉर्मवर एकशे अकरा सह्या होत्या आणि एक खूर. तात्यांची तेवढी घ्यायची राहिली.